दशावताराचा तक्ता मी भिंतीवरून का काढला

प्रश्न असा आला आहे: "मी दोन वर्षांपासून दहावीला विज्ञान शिकवते. 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा धडा झाला आणि दुसऱ्याच दिवशी एका मुलाचे आजोबा शाळेत आले. 'आमच्या पोट्ट्याले माकडाची अवलाद म्हणून शिकवता का?' असं भर ऑफिसात विचारलं. मुख्याध्यापक म्हणाले, दशावताराचं उदाहरण देऊन शिकवत जा, म्हणजे कोणाच्या भावना दुखावणार नाहीत. हे बरोबर आहे का? देव मानणाऱ्या घरातल्या मुलांना हा धडा शिकवायचा तरी कसा?"

मॅडम, मुख्याध्यापकांच्या सल्ल्यात खोट नाही. तुमची काळजी वाटली म्हणूनच ते तसं बोलले. मीही तेच करत होतो, एकदोन वर्षं नव्हे, चांगली अकरा वर्षं. त्यामुळे आधी माझी चूक सांगतो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी तेहतीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवलं. नोकरीला लागलो त्याच वर्षी प्रयोगशाळेच्या भिंतीवर स्वतःच्या हाताने एक तक्ता रंगवून लावला. एका बाजूला मासा, कासव, सस्तन प्राणी, आदिमानव, माणूस. दुसऱ्या बाजूला मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध, कल्की. मधे बाण. कल्कीसमोर मी प्रश्नचिन्ह काढलं होतं, त्याचा मला फार अभिमान होता. तपासणीला आलेल्या साहेबांनी पाठ थोपटली. पालक खूश. मुलं तर जास्तच खूश, कारण पाठांतर आयतं झालं.

अकराव्या वर्षी तास संपल्यावर एक मुलगी मागे थांबली. तक्त्याकडे बोट दाखवून म्हणाली, "सर, ते नववं नाव. आमच्या घरी तसं मानत नाहीत." एवढंच बोलून दप्तर उचलून निघून गेली.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षेच्या वेळी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यातली पाचवी नेमकी हीच आहे: बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे, हे मी मानणार नाही. आमच्या भागात वर्गातली कितीतरी मुलं त्या घरांतली. ज्या गोष्टीला त्यांच्या आजीआजोबांनी दीक्षाभूमीवर उभं राहून नकार दिला, तीच मी त्यांना विज्ञानाच्या तासाला, मार्कांसाठी, बाण काढून शिकवत होतो. कोणाच्या भावना दुखावू नयेत म्हणून लावलेला तक्ता होता तो! 'कोणाच्या' या शब्दात कोण कोण येतं, हे मी कधी मोजलंच नव्हतं. त्यातही ती यादी सगळीकडे एकसारखी नाही. आपल्या महाराष्ट्रात नवव्या जागी विठ्ठल दाखवायचीही जुनी रीत आहे, आणि भागवतात अवतार मोजले आहेत बावीस. बावीसचा बाण कुठून कुठे काढणार?

तक्ता काढला. काढल्यावर मात्र शांतपणे विचार केला आणि लक्षात आलं की सामाजिक बाजू सोडली, तरी विज्ञान म्हणूनही तो साफ चुकीचा होता. मत्स्याच्या पोटी कूर्म जन्मला नाही, कूर्माचा वंशज वराह नाही. दरवेळी देव नव्याने आला, काम केलं आणि गेला. उत्क्रांतीत तर वंशाचा धागा एकदाही तुटत नाही, हाच मुख्य मुद्दा. नरसिंह हा सिंह आणि माणूस यांच्यामधला जोडणारा दुवा नाही. परशुराम आणि राम तर सीतास्वयंवरानंतर समोरासमोर येतात, वाद घालतात. पूर्वज प्रजाती आणि वंशज प्रजाती धनुष्यावरून भांडताहेत, असं काही पुस्तकात लिहिलेलं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अवतार हेतूने येतो. नैसर्गिक निवडीला, म्हणजे परिस्थितीत ज्यांची पिल्लं जास्त जगतात त्यांचाच वंश टिकत जाण्याला, हेतू नसतो. मुलांना जी एक गोष्ट समजायला सगळ्यात जड जाते, तीच ही तुलना त्यांच्यापासून लपवून ठेवते.

ही तुलना आपल्या ऋषींची आहे असं समजणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. डार्विनचा मुख्य ग्रंथ १८५९ चा. दशावताराशी त्याची सांगड छापील स्वरूपात ठळकपणे घातली ती १८७७ मध्ये, मादाम ब्लाव्हाट्स्की या रशियन बाईंनी. थिऑसॉफिकल सोसायटीच्या त्या एक संस्थापक, पुढे १८७९ मध्ये मुंबईत येऊन राहिल्या. मग ती कल्पना इथल्या शिकलेल्या मंडळींना आवडली, कारण साहेबाचं नवं ज्ञान आपल्याकडे आधीच होतं म्हणायला बरं वाटतं. जे. बी. एस. हॉल्डेन हे जनुकशास्त्रातलं फार मोठं नाव. ते १९५७ मध्ये भारतात आले, इथलेच नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. दशावतारातून पृष्ठवंशीयांच्या, म्हणजे पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या, उत्क्रांतीची ढोबळ कल्पना येते, असं त्यांनीही म्हटलं आहे. पण हॉल्डेनना नैसर्गिक निवडीचं गणित तोंडपाठ होतं, म्हणून त्यांना ती गंमत परवडत होती. दहावीच्या मुलाला गणित ठाऊक नसतं, त्याच्या हाती नुसती गंमत उरते. २०१९ मध्ये जालंधरच्या विज्ञान काँग्रेसमध्ये एका विद्यापीठाच्या कुलगुरूंनी दशावतार हा डार्विनपेक्षा सरस सिद्धांत असल्याचं सांगितलं, तेव्हा मला माझा तक्ता आठवला. हसू आलं नाही.

"आपल्याकडे अमेरिकेसारखा वाद नाही," असं शिक्षक प्रशिक्षणात हमखास कोणीतरी म्हणतं. अर्धं खरं आहे. तिथे १९२५ मध्ये टेनेसी राज्यातल्या डेटन गावी उत्क्रांती शिकवली म्हणून जॉन स्कोप्स या शिक्षकावर खटला चालला आणि शंभर डॉलर दंड झाला. आजही गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या पाहण्यांत मोठा वर्ग सांगतो की देवाने माणूस गेल्या दहा हजार वर्षांत आहे तसाच घडवला. १९८२ मध्ये असं म्हणणारे ४४ टक्के होते, २०२४ मध्ये ३७. बायबलमधल्या वंशावळी मोजून पृथ्वीचं वय सहा हजार वर्षं धरणाऱ्याला कोट्यवधी वर्षं ऐकल्यावर धक्का बसणारच.

आपल्याला तो धक्का बसत नाही. घरी सत्यनारायण असो की गणपती, गुरुजी संकल्प सांगताना 'श्वेतवाराहकल्पे वैवस्वतमन्वन्तरे' म्हणतात, आणि पाटावर बसलेला माणूस हातात पाणी घेऊन निमूट ऐकतो. एक कल्प म्हणजे ४३२ कोटी वर्षं. पृथ्वीचं वय ४५४ कोटींच्या आसपास. आकडे जवळ आले हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण प्रचंड काळ ऐकायची कानाला सवय आहे, हे खरं. चौऱ्याऐंशी लक्ष योनी फिरून आलेल्या जिवाला प्राण्यांशी नातं सांगितलं तर सहसा राग येत नाही. एकदा मी 'माकड' म्हणताच वर्ग खिदळला, तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "त्यात काय सर, गावात मारुतीचं देऊळ सगळ्यात मोठं आहे." डार्विनच्या काळातल्या लंडनमध्ये हे उत्तर सुचणं शक्य नव्हतं.

पण यामुळेच आपली पंचाईत होते. भांडण नाही म्हणून चर्चा नाही, आणि चर्चा नाही म्हणून समजही नाही. अमेरिकेतला विरोधक निदान आपण नेमकं काय नाकारतो हे जाणून असतो. आपण न चावताच गिळतो. 'उत्क्रांती झाली का?' विचारलं तर वर्ग एका सुरात 'हो' म्हणतो. 'कशी झाली?' विचारलं तर उत्तर येतं, "गरज पडली म्हणून जिराफाने मान लांब केली." हा डार्विन नव्हे, त्याच्या आधीचा शास्त्रज्ञ लामार्क, आणि तोही अर्धवट. परीक्षेत डार्विनवर पाच मार्कांचं उत्तर बिनचूक लिहिणारी मुलं बोलताना लामार्कच सांगतात. पदव्युत्तर झालेले शिक्षकसुद्धा सांगतात, आणि हे मी प्रशिक्षणात इतक्यांदा पाहिलं आहे की आता नवल वाटत नाही.

अशी वरवरची संमती असली की एखादा मोठा माणूस उलट बोलला की ती लगेच डळमळते. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादला एका वैदिक संमेलनात केंद्रातले तेव्हाचे राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे, कारण माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कोणी पाहिल्याचं सांगितलेलं नाही. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र पत्रक काढून त्याला उत्तर दिलं, आणि खुद्द त्यांच्या खात्याचे मंत्री प्रकाश जावडेकर यांनी अशी विधानं टाळायला सांगितली. मला गंमत वाटली ती वेगळीच. सिंह साहेब मुंबईचे पोलीस आयुक्त होते. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नसताना बोटांचे ठसे, रक्ताचे डाग, जागेवरच्या खुणा यांवरून गुन्हा उभा करणं हे पोलिसांचं रोजचं काम. जीवाश्म, अवशेषांगं (शरीरात उरलेले पण आता वापरात नसलेले अवयव) आणि डीएनए हा अगदी तसाच परिस्थितीजन्य पुरावा आहे. हे उदाहरण मी वर्गात बऱ्याचदा देतो, मंत्र्यांचं नाव न घेता. तुम्हीही घेऊ नका, नाहीतर मुलांना फक्त राजकारण लक्षात राहतं.

केंद्रीय मंडळाच्या दहावीच्या पुस्तकातून तर उत्क्रांतीचा भाग गेलाच. आधी कोविडच्या काळात ओझं कमी करायचं म्हणून, मग २०२३ मध्ये नव्या छपाईत कायमचा. धड्याचं नाव नुसतं 'आनुवंशिकता' उरलं. अठराशेहून जास्त शास्त्रज्ञ-शिक्षकांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. बारावीच्या जीवशास्त्रात तो आहे, हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. दहावीनंतर जीवशास्त्र घेणारी मुलं किती? आपल्या राज्य मंडळाच्या पुस्तकात तो पहिलाच धडा आहे. त्यामुळे तुमचा तास हा बहुतेक मुलांच्या आयुष्यातला उत्क्रांतीवरचा पहिला आणि शेवटचा तास असणार, एवढं ध्यानात ठेवा.

आता शब्दांकडे येऊ, कारण निम्मा गोंधळ तिथे आहे. 'उत्क्रांती' या शब्दातच वर चढणं आहे. आपल्या जुन्या दर्शनांत तर त्याचा अर्थ जिवाने देहातून बाहेर पडणं असा होता. मुलाच्या मनात लगेच शिडी उभी राहते: खालच्या पायरीवर जंतू, वर माणूस. निसर्गात अशी शिडी नाही. आज जिवंत असलेलं झुरळही आपल्याइतकाच काळ बदलत आलेलं आहे. शिडीऐवजी वडाचं झाड सांगा, आणि वर चढणाऱ्या पायऱ्यांऐवजी फांद्या. दुसरा घोळ 'वादा'चा. अमेरिकेत विरोधक 'ही तर नुसती थिअरी' म्हणतात. मराठीत सिद्धांत म्हणजे सिद्ध झालेलं, त्यामुळे तो हल्ला आपल्याकडे चालत नाही. पण 'उत्क्रांतिवाद' म्हटलं की तो गांधीवाद, मार्क्सवाद यांच्या रांगेत जाऊन बसतो, जणू ज्याने त्याने आपापल्या मताप्रमाणे निवडायचा. मी फळ्यावर 'वाद' लिहिणं सोडून दिलं. आणि 'बळी तो कान पिळी' तर अजिबात म्हणू नका. टिकतो तो बळी नव्हे, त्या वेळच्या परिस्थितीत ज्याची पिल्लं जास्त जगतात तो.

माझी सुरुवात कापसापासून असते. तुमच्या भागात कापूस असेल तर यापेक्षा चांगला धडा मिळणार नाही. बीटी कापूस २००२ मध्ये आला. त्याच्या झाडातच बोंडअळीला मारणारं विष तयार होतं. सुरुवातीला अळी मरायची, फवारणी वाचायची. पण कोट्यवधी अळ्यांमध्ये जनुकातल्या एखाद्या बदलामुळे ज्यांना ते विष बाधत नव्हतं अशा मोजक्या अळ्या आधीपासून होत्या. बाकीच्या मेल्या, या उरल्या, यांचेच पतंग झाले, आपसात मिलन झालं, पुढची पिढी यांचीच. बियाण्याच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणं मिळायचं, ते बांधाकडेने लावा असं सांगितलेलं होतं, म्हणजे विषाला बळी पडणाऱ्या अळ्याही जगतील आणि त्यांच्याशी संकर होऊन प्रतिकारशक्ती पातळ होत राहील. ते पाकीट कोणी लावलं? बहुतेकांनी फेकलं. वर फरदड ठेवली, म्हणजे हंगाम संपल्यावरही कापूस शेतात उभाच ठेवला; अळीला वर्षभर जेवण. २०१७ च्या हंगामात आमच्या जिल्ह्यात शेतंच्या शेतं डोमकळ्यांनी, म्हणजे अळी आत शिरल्याने नीट न उमललेल्या फुलांनी, भरली होती.

वर्गात विचारतो, "अळीने ठरवलं का, की आता विष पचवायचं?" 'नाही' येतं. "देवाने अळीला शाप किंवा वर दिला का?" इथे हशा पिकतो. "मग काय झालं?" आणि पंधरा वर्षांचं पोरगं, ज्याच्या बापाचा त्या वर्षी लावणीचाही खर्च निघाला नाही, ते फळ्यासमोर येऊन नैसर्गिक निवड अशी सांगतं की मला पुस्तक उघडावं लागत नाही. जिराफ त्याने पाहिलेला नसतो. बोंडअळी त्याच्या घरात आलेली असते.

हे एकदा पचलं की मग जीवाश्म. आमच्यापासून फार दूर नाही, चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुऱ्याला डायनासोरचे जीवाश्म सापडले आहेत. तेवढं सांगितलं तरी मुलांचे डोळे मोठे होतात. एक सूचना: पुस्तकात जीवाश्मांच्या भागात कार्बन वयमापन आहे, त्यामुळे डायनासोरचं वय कार्बनने काढतात असा मुलांचा समज होतो. कार्बन पन्नास हजार वर्षांपलीकडे कामाचा नाही. त्याहून जुन्या खडकांसाठी युरेनियम, पोटॅशियम अशी हळू क्षय होणारी मूलद्रव्यं लागतात. हे सांगितलं नाही तर एखादा हुशार विरोधक नेमकं तिथेच बोट ठेवतो.

माणूस सगळ्यात शेवटी घ्या. 'माकडापासून माणूस' हे वाक्य फळ्यावर नको, ते चुकीचंच आहे. 'मग आताची माकडं माणूस का होत नाहीत?' या प्रश्नाला मी भावकी सांगतो. तुमचा चुलतभाऊ आणि तुम्ही, दोघांचे आजोबा एक. म्हणून तुम्ही चुलतभावाच्या पोटी जन्मला का? चिंपांझी हे आपलं असं चुलत घराणं. वाटणी होऊन साठ-सत्तर लाख वर्षं झाली. त्यांच्या पेशीत गुणसूत्रं ४८, आपल्यात ४६, आणि आपलं दुसरं गुणसूत्र तपासलं तर दोन जुनी गुणसूत्रं टोकाला टोक जुळल्याची खूण तिथे अजून शाबूत आहे. वाटणीपत्रच म्हणा.

आता देवाचा प्रश्न, ज्यासाठी तुम्ही लिहिलंत. तो येणारच. नवा होतो तेव्हा मी त्यावर वर्गात तावातावाने बोलायचो, एका मुलाच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेवरून टोमणाही मारला होता. तो मुलगा वर्षभर माझ्या तासाला मान खाली घालून बसला. त्याला उत्क्रांती समजली नाही ती नाहीच. त्याचं पाप माझं. पुढे 'सर, तुम्ही देव मानता का?' याला मी उत्तर देणं बंद केलं, कारण मी हो म्हटलं की निम्मी मुलं सुटकेचा श्वास टाकतात, नाही म्हटलं की निम्मी कान बंद करतात, आणि दोन्ही वेळा धडा माझ्या अवतीभवती फिरायला लागतो. मी एवढंच सांगतो की परीक्षेत तुम्हाला काय पटलं ते विचारत नाहीत, काय समजलं ते विचारतात. समजून घ्या, पटवून घ्यायला आयुष्य पडलं आहे.

आणि सांगायला उदाहरणं आहेत. आनुवंशिकतेचा पाया घालणारा मेंडेल मठात राहणारा ख्रिस्ती धर्मोपदेशक होता. उत्क्रांतीच्या प्रकाशाशिवाय जीवशास्त्रात कशालाच अर्थ नाही, असं १९७३ मध्ये लिहिणारे डॉब्झान्स्की स्वतः श्रद्धावान होते. १९९६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांती ही निव्वळ कल्पना नाही, त्याहून अधिक काही आहे, असं मान्य केलं. डार्विन शेवटी स्वतःला अज्ञेयवादी, म्हणजे देव आहे की नाही हे कळू शकत नाही असं मानणारा, म्हणवत होता, तरी १८८२ मध्ये त्याला पुरलं ते लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबे या चर्चमध्ये. दुसऱ्या बाजूला, हिंदू म्हटला की आपोआप डार्विनला अनुकूल असंही नाही; आर्य समाजाच्या परंपरेत आणि इस्कॉनच्या संस्थापकांच्या लिखाणात स्पष्ट विरोध आहे. तुर्कस्तानने २०१७ मध्ये शालेय अभ्यासक्रमातून उत्क्रांती काढली, पण तुमच्या वर्गातल्या मुस्लिम मुलाने त्यावर काय मानावं हे त्यावरून ठरवू नका. धर्माच्या नावावरून मुलाचं मत गृहीत धरणं, ही त्या तक्त्याचीच चूक पुन्हा आहे.

खरं सांगायचं तर मुलांना देवापेक्षा जास्त त्रास वेगळ्याच गोष्टीचा होतो. आपण कोणाच्या योजनेत नव्हतो, नसतो तरी चाललं असतं, हे ऐकून काही मुलं गप्प होतात. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही आणि विज्ञानाच्या तासाला ते असायला हवं असंही नाही. अशा वेळी मी घाईघाईने दशावतार किंवा पोप पुढे करत नाही. शांतता राहू देतो. दोन मिनिटांनी कोणीतरी डब्याची घंटा झाली का विचारतंच.

आमच्या प्रयोगशाळेत दसऱ्याला सूक्ष्मदर्शकांची पूजा व्हायची. परिचर दादा हळदकुंकू लावायचे, झेंडू वाहायचे. एका वर्षी भिंगावर कुंकू पडलं आणि पुढचे आठ दिवस प्रत्येक पेशी लालसर दिसत होती. मी पूजा बंद केली नाही. भिंगावर झाकण घालायला सांगितलं.

राहिले आजोबा. ते परत येतील, येऊ द्या. मुख्याध्यापकांच्या खोलीत नको, प्रयोगशाळेत बसवा, चहा सांगा. 'माकडाची अवलाद' असं पुस्तकात कुठेही नाही, हे पान उघडून दाखवा; भावकीचं उदाहरण त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं कळेल. मग सांगाड्याजवळ न्या, पाठीच्या कण्याच्या अगदी टोकाचे ते जुळलेले मणके दाखवा आणि विचारा, पाय घसरून आदळल्यावर जे दुखतं, बसू देत नाही, त्या हाडाला आपल्याकडे काय म्हणतात. माकडहाड म्हणतील. ते नाव डार्विनने ठेवलेलं नाही.